सहा मुलांचा बाप

आपल्या बाबांना सहा मुलं आहेत, हे ताईला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

तेही कोणाकडून, तर वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंकडून. ताई फळांची पिशवी टेबलावर ठेवत होती आणि बाई कौतुकाने विचारत्या झाल्या, "तुम्ही सहांतल्या कितव्या हो, ताई?"

ताईला वाटलं, बाई भलत्याच कोणाबद्दल बोलताहेत. इथे म्हातारे पुष्कळ, एखाद्याची नातीगोती दुसऱ्याच्या नावावर चढायचीच.

"आम्ही दोघंच. मी आणि धाकटा."

"थट्टा करता होय! तुमच्या बाबांनी, आमच्या मॅनेजरसाहेबांनी, सगळं सांगितलंय आम्हाला. ते कामावरून सुटले की सहाही पोरं थिएटरच्या पायऱ्यांवर जमून गायची म्हणे. साहेबसुद्धा टोपी काढून तुमच्यात मिसळायचे. नशीब काढलंत हो. आमच्या बापाने मारण्याव्यतिरिक्त अंगाला हात लावला नाही कधी."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेट्रनबाईंनी जो बाप स्वतःचा म्हणून सांगितला, तोच ताईचा होता, आणि ताईचा म्हणून जो सांगितला तो एका पिक्चरमधला होता. ती पिशवी उचलून बाबांच्या खोलीत गेली. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. तिला पाहून म्हणाले, "आई आली का बाजारातून?" आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? ताई पलंगाच्या कडेवर बसली आणि संत्रं सोलायला लागली, पण सालाचे तुकडे तुकडे होत होते.

तो पिक्चर सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनाही त्यातली गाणी येतात. बर्फात अडकलेली आगगाडी, आडबाजूचं स्टेशन, तिथला विधुर, खडूस स्टेशनमास्तर आणि त्याची सहा पोरं. स्टेशनात घंटेशिवाय दुसरा आवाज नको, असा त्याचा कायदा. पोरांनी नुसतं गुणगुणलं तरी मास्तरचे डोळे वटारलेले. मग अडकलेल्या गाडीतून एक गाणारी मंडळी उतरते, पोरं गायला शिकतात, आणि शेवटी मास्तर स्वतःच हातातला कंदील हलवत गातो. लोक हसतात, रडतात, घरी जाईपर्यंत गुणगुणतात आणि पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन येतात. आईच्या मांडीवर बसून ज्यांनी तो पाहिला, ते आता नातवंडांना मांडीवर घेऊन पाहतात. इतक्या वर्षांत किती पिक्चर आले आणि डब्यात गेले, हा काही जात नाही. त्याचं कारण ताईला विचाराल तर ती एका वाक्यात सांगेल. असा बाप कोणाच्याच घरी नसतो, म्हणून लोक तिकीट काढून अडीच तास तो भाड्याने घेतात.

बाबा ज्या थिएटरचे मॅनेजर होते तिथे हा पिक्चर पहिल्यांदा लागला तेव्हा वर्षभर उतरला नाही. त्यानंतरही दर दोन-तीन वर्षांनी लागायचा आणि हाउसफुल्लचा बोर्ड बाहेर यायचा. सगळं गाव पाहून आलं. पाहिला नाही तो फक्त मॅनेजरच्या दोन पोरांनी. "मॅनेजरची पोरं फुकट बसली तर लोक काय म्हणतील?" तिकीट काढून बसू म्हटलं तर, "पैसे वर आलेत?" बाबा स्वतः मात्र रोज शेवटच्या खेळाला मागच्या दाराशी अंधारात उभे राहून पाहायचे. डोअरकीपर सांगायचा, साहेबांचे डोळे पुसायचा रुमाल वेगळा असतो म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण इथे तर सांगणंसुद्धा नव्हतं. नुसतं रडणं होतं, तेही दुसऱ्याच्या पोरांसाठी.

घरी आले की त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर ऐकू येई आणि आई दोघांना खूण करी. रेडिओ बंद. बोलणं बंद. ताईला गळा होता, असं शाळेतल्या बाई म्हणायच्या. ताई गायची ती न्हाणीघरात, नळ पूर्ण सोडून, आणि तेही बाबा कामावर असताना. धाकट्याचं मात्र गाण्यावाचून अडायचं. शेजारच्या काकांनी त्याला एक माउथ ऑर्गन दिला होता. गावभर वाजायची तीच गाणी तो त्यावर बसवायचा, पिक्चर न पाहता, नुसती रस्त्यावर ऐकून. एका दुपारी बाबा अवेळी घरी आले. ओरडले नाहीत. त्यांनी फळीवरची हातोडी काढली, धाकट्याच्या हातात दिली आणि तो बाजा त्याच्याच हाताने चेचायला लावला. पूर्ण चपटा होईपर्यंत. मग तोंड धुतलं, भांग पाडला आणि त्याच पिक्चरच्या संध्याकाळच्या खेळाला निघून गेले. आई म्हणाली, "त्यांच्या मनात तसं नसतं रे." धाकट्याने मिसरूड फुटायच्या आत घर सोडलं. आता तो दूरच्या शहरात इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. आई गेली तेव्हाही स्मशानातूनच बाहेरच्या बाहेर परत गेला.

बाबांची तब्येत उतरायला लागली तेव्हा ताईने त्याला फोन केला होता. "एकदा येऊन जा. पुन्हा भेट होईल न होईल."

"एका अटीवर," धाकटा म्हणाला. "त्या हातोडीचं त्यांनी एकदा तोंडाने कबूल करायचं. माफी नको मला. फक्त म्हणू दे, हो, मी केलं. मग पुढच्या गाडीने येतो."

एवढीच मागणी. मागून मागून माणसाने मागितलं काय, तर एक वाक्य. ताईने ते मिळवायचा चंग बांधला. दर रविवारी संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून सुटून ती जायची, संत्री सोलायची आणि हळूच विषय काढायची. "बाबा, धाकट्याचा बाजा आठवतो?" बाबा तिच्याकडे निर्मळ डोळ्यांनी पाहायचे आणि विचारायचे, "कोण धाकटा?" डॉक्टर म्हणाले होते, आठवण जात चालली आहे, जुनं-नवं एक होतं. ताईने धाकट्याला तसं सांगितलंही. "ते विसरलेत रे. विसरलेल्या माणसाकडून काय वदवून घेणार? सोडून दे आणि ये." धाकटा 'बघू' म्हणायचा. गाडी मात्र पकडायचा नाही.

आणि आता ही सहा पोरं! म्हणजे खरी दोन गेली ती गेली, वर त्यांच्या जागी भाड्याची सहा आणून बसवली. विसरणं एक वेळ सोसेल. पण विसरून झाल्यावर वर कौतुकही करून घ्यायचं?

पुढच्या रविवारी ती मुद्दाम दुपारच्या वेळी गेली. त्या वेळी मोठ्या खोलीत पिक्चर लावतात, आणि रविवार म्हटला की हाच. मेट्रनबाईंचं म्हणणं, दुसरं काही लावलं तर म्हातारे पेंगतात, भांडतात, हा लावला की जेवणसुद्धा नीट जातं. भिंतीवर टीव्ही, समोर खुर्च्यांच्या रांगा. मधोमध पहिल्या रांगेत मॅनेजरसाहेब, इस्त्रीचा सदरा घालून. रिमोट सांभाळायला मदतनीस, ज्याला सगळे मामा म्हणतात. ताई दारात दिसताच पोस्टातल्या आजी टाळ्या वाजवत ओरडल्या, "आली, आली, साहेबांची मुलगी आली! बस गं, आज आम्हाला तुझा आवाज ऐकायचाय." जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या या आजींना दुसऱ्याच्या घरच्या बातम्यांची हौस होती. त्यांनी बाबांच्या शेजारची खुर्ची ताईला करून दिली. आजूबाजूचे दहा-बारा जण तिच्याकडे असे बघत होते, जणू ती पडद्यातूनच उतरून आली आहे. ताई ओठ आवळून बसली. भल्या माणसांवर तोंड टाकायचं नाही, एवढं तिला आईने शिकवलं होतं.

पिक्चर सुरू झाला. गाणी लागली की सगळी खोली गायला लागायची. ज्यांना मुलांची नावं आठवत नाहीत, त्यांना गाण्याचं कडवं अडत नव्हतं. खरं सांगायचं तर ताईचाही पाय ठेका धरत होता आणि तिला स्वतःच्या पायाचा राग येत होता. चांगली गाणी आहेत हो ती. चांगलीच आहेत, तेच तर दुखणं आहे.

मध्यंतर उलटलं. पडद्यावर मास्तरने थोरल्या मुलाची बासरी रुळांवर फेकली, पोरं रडत पळून गेली, आणि अडकलेली गाडी सुटायची वेळ झाली. बाबा खुर्चीत सावरून बसले.

"मामा, पळवा," ते म्हणाले.

मामांनी अंगठ्याने बटण दाबलं. चित्रं भराभर पळाली आणि थेट शेवटच्या गाण्यावर थांबली.

"मध्ये काय होतं?" ताईने विचारलं.

"तिथे डिस्क खराब आहे," मामा म्हणाले. "साहेब पहिल्याच रविवारी म्हणाले होते, तिथे अडकते म्हणून. मग दर वेळी पळवतो."

ताई चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळे तपासायला येणारे काही जण अक्षरांचा तक्ता आधीच पाठ करून येतात, विशेषतः गाडीचा परवाना हवा असलेले. ज्याला खरंच दिसत नाही तो अक्षराशी झगडतो, पुढे झुकतो, चुकतो. पाठ करून आलेला चुकत नाही, झगडतही नाही, फक्त नको त्या ओळीवरून जरा घाईने पुढे जातो. असे लोक ताई दुकानाच्या दारातच ओळखते. आणि आई बाजारातून आली का विचारणारा हा माणूस, सकाळी काय खाल्लं ते न आठवणारा, याला कुठून पळवायचं ते बरोबर आठवत होतं.

तिलाही आठवलं. रविवारी थिएटरात एक जास्तीचा खेळ असायचा. चार खेळ वेळेत बसवायचे तर पिक्चर लांब पडायचा. मग बाबांनी ऑपरेटरला सांगून एक तुकडा काढून टाकला होता आणि पुढे तो इतर दिवशीही परत लावला नाही. घरी जेवताना आईला सांगितलंही होतं, "गाणं नाही, नाच नाही, नुसता बाप बोलत बसतो. कोणाला हवंय?" गावाने वर्षानुवर्षं तो पिक्चर तसाच पाहिला. पोरांवर ओरडणारा मास्तर एकदम कंदील हलवत गातो, मधलं काही नाही. आणि गावाला काही चुकल्यासारखंही वाटलं नाही. ताईने पुढे लग्नानंतर एका दुपारी कपड्यांना इस्त्री करता करता टीव्हीवर अख्खा पिक्चर पाहिला, तेव्हा तिला तो तुकडा भेटला. त्या दिवशी एक सदरा जळला होता.

"मामा, रिमोट द्या इकडे," ती उठून म्हणाली.

"अहो, पण अडकेल..."

"अडकू दे."

तिने चित्र मागे नेलं आणि सोडलं. डिस्क कुठेही अडकली नाही. मास्तर फलाटावर येतो. सामानाच्या हातगाडीवर बसतो, म्हणजे पोरांच्या उंचीला येतो. आणि एकेका पोराला जवळ बोलावून सांगतो, तुझ्याशी मी हे केलं, तुझ्याशी हे केलं. सबबी सांगत नाही. थोरल्याला म्हणतो, तुझी बासरी मी फेकली, मला राग आला नव्हता, मला तुझा हेवा वाटला. बस, एवढंच. पाठीमागे संगीतसुद्धा नाही.

पोस्टातल्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आम्ही कधी पाहिलंच नव्हतं." त्या पदराने डोळे टिपत होत्या. बाबा पडद्याकडे पाहत नव्हते. ते स्वतःची नखं पाहत होते.

"मला बाहेर जायचंय," ते म्हणाले.

ताईने त्यांना वॉकरसकट बाहेरच्या बोळात आणलं. बोळात कोणी नव्हतं. धुतलेल्या चादरींचा ढीग एका बाकावर पडला होता.

"डिस्क खराब नाही, बाबा."

"नसेल."

"तिथे काय आहे ते तुम्हाला आठवतं. धाकट्याचं काय केलंत तेही आठवतं."

बाबांनी बोळाच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं, खेळ सुटल्यावर कोणी मागे राहिलं नाही ना ते बघायचे तसं. मग दबक्या आवाजात म्हणाले, "निळ्या डबीत ठेवायचा तो. चेचताना त्याचा अंगठा सापडला हातोडीखाली. नख काळं पडलं होतं. मी थांब म्हणालो नाही."

अंगठ्याचं तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. इतके महिने ती ज्याला विसराळू समजून संत्री भरवत होती, त्याच्याकडे तिच्यापेक्षा जास्त शिल्लक होतं. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कोण करणार?

"मग 'कोण धाकटा' कशाला?" तिचा आवाज चढला. "मला मूर्ख समजता? दर रविवारी मरमर करून येते मी!"

"सोंग नाही ते सगळं. पुष्कळ विसरतो मी. तुझी आई गेली हेसुद्धा विसरतो. हे मात्र जात नाही."

"आणि ती सहा पोरं?"

"इथे सगळे विचारतात, घरी कोण कोण. काय सांगू? दोन होती, एक पळून गेला, दुसरी फळं आणते आणि तोंड फिरवून बसते, हे?"

"हेच. हेच सांगायचं. खरं आहे ते."

"खऱ्याला कोण येतं गं बघायला?" बाबा म्हणाले. आवाजात जुना मॅनेजर होता. "जन्म गेला माझा थिएटरात. मला कळतं लोकांना काय हवं ते."

ताईने पर्समधून फोन काढला. "त्याला लावते. आत्ता जे मला म्हणालात ते त्याला म्हणा. एक वाक्य. तो येईल, बाबा. पुढच्या गाडीने येईल."

बाबांनी फोनकडे पाहिलं. क्षणभर ताईला वाटलं, घेतील. त्यांची बोटं वॉकरवरून सुटलीसुद्धा. मग आतून शेवटच्या गाण्याची सुरुवात ऐकू आली, आणि पोस्टातल्या आजींची हाक आली, "साहेब, चला लवकर, तुमच्यावाचून अडलंय!"

"तो आला की इथे सगळ्यांसमोर बोलेल," बाबा म्हणाले. "इथे मला सगळे चांगला माणूस म्हणतात. जन्मात पहिल्यांदा म्हणतात. नको."

"म्हणजे मुलापेक्षा ते जास्त?"

बाबांनी वॉकर वळवला आणि ठकठक करत आत गेले. दार उघडंच राहिलं. ताईने पाहिलं, पहिल्या रांगेत जाऊन ते उभे राहिले आणि पडद्यावरच्या मास्तरबरोबर गायला लागले. बाकीचे थांबून ऐकत होते, कारण तसं गाणं त्या खोलीत दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. म्हातारा आवाज, पण सूर पक्का, जागच्या जागी. बाबा गातात हे ताईला आजवर माहीत नव्हतं. एवढा गळा घेऊन हा माणूस जन्मभर जिने चढला आणि घरात पाय टाकताच रेडिओ बंद करायला लावत राहिला! तिला वाटलं, आत जाऊन टीव्हीची वायर उपटावी. वाटलं, सगळ्यांना ओरडून सांगावं. पण त्या भल्या म्हाताऱ्यांचे चेहरे असे फुलले होते की तिचा पाय उचलेना, आणि त्याचाही तिला संतापच आला.

ती आवारात आली. भिंतीला टेकून तिने धाकट्याला फोन लावला. तो कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर असावा, मागे वारा आणि यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"येऊ नकोस," ती म्हणाली. "मी इतके दिवस तुला ये ये म्हणत होते ना, माझं चुकलं. ते विसरलेले नाहीत. सगळं आठवतंय. डबी निळी होती, तुझा अंगठा सापडला, सगळं. माझ्याशी म्हणाले. पण तुझ्याशी म्हणणार नाहीत, कारण इथे त्यांची इभ्रत आहे. सहा पोरांचे बाप आहेत ते इथे!" आणि तिने सगळं सांगितलं, पळवलेला तुकडा, फोनकडे पाहणं, गाणं. सांगता सांगता ती रडायला लागली आणि रडत रडत शिव्या देत होती, ज्या तिने आजवर फक्त ऐकल्या होत्या.

पलीकडे घरघर थांबली. धाकट्याने यंत्र बंद केलं असावं.

"अंगठ्याचं ते म्हणाले?" त्याने विचारलं. "त्यांनी स्वतः? तू आठवण करून न देता?"

"मला कुठे आठवत होतं!"

"म्हणजे झालं होतं ते," धाकटा म्हणाला. "आई म्हणायची, अंगठा दारात सापडला. नातेवाईक म्हणायचे, तुझा बाप तसा नाही. इतकी वर्षं मला वाटायला लागलं होतं, मीच मनाने रचलं की काय." त्याने नाक ओढलं. "येतो मी."

"कशाला? ऐकलंस ना, ते कबूल करणार नाहीत म्हणून?"

"कबूल नको करू दे. ताई, ते विसरले असते तर मी येऊन काय केलं असतं? पाया पडून परत आलो असतो. विसरलेल्या माणसाशी भांडता येत नाही गं. आठवतंय ना त्यांना? मग मला भांडायचंय."

आतून टाळ्यांचा आवाज आला. कोणीतरी पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, म्हणत होतं. ताईने ओढणीने तोंड पुसलं.

"मग रविवारीच ये," ती म्हणाली. "दुपारी. सगळे जमलेले असतात."